स्काऊट-गाईडचा गणवेश बदलताना: सोलापुरातल्या नव्या स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टनसाठी

शाळेत नवीन लागलात, पहिल्याच मीटिंगला मुख्याध्यापकांनी "सर, यंदा स्काऊट तुमच्याकडे" म्हणून फाईल हातात दिली, की सगळ्यात आधी समोर येतो तो गणवेशाचा प्रश्न. गाठी, शिट्टीचे इशारे, प्रार्थना, झेंडागीत हे सगळं ट्रेनिंगला शिकवतात हो, पण पथकातल्या चार पोरांच्या अंगावर चार प्रकारचे शर्ट असताना सगळ्यांना एका गणवेशात कसं आणायचं हे कोणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. गणवेश हळूहळू बदलला तरी चालेल, पण गणवेश नाही म्हणून एकही पोरगं ओळीच्या बाहेर उभं राहता कामा नये. खालचं सगळं त्या हिशोबानेच सांगितलंय.

आधी हा घोळ झाला कसा ते समजून घ्या, कारण पालक विचारतातच. जुन्या लोकांच्या डोक्यात स्काऊट म्हणजे खाकी शर्ट, खाकी हाफ पँट. आता भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या नियमाप्रमाणे स्काऊटचा शर्ट स्टील ग्रे, पँट नेव्ही ब्लू, आणि गाईडचा गणवेश गडद आकाशी निळा. तरी कितीतरी घरात मोठ्या भावाचा किंवा काकाचा खाकी शर्ट अजून जपून ठेवलेला असतो आणि आई तोच घालून पाठवते. त्यात 2024-25 ला राज्यात 'एक राज्य एक गणवेश' आलं, पहिली ते आठवीच्या पोरांना दोन गणवेश, एक रोजचा आणि दुसरा स्काऊट-गाईडच्या धर्तीचा. बऱ्याच ठिकाणी गणवेश उशिरा आले, मापं जुळली नाहीत, कोणाच्या बाह्या कोपराखाली तर कोणाची पँट गुडघ्यात अडकलेली. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. त्यामुळे जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत असाल तर एका वर्गात स्कीमचा शर्ट, समितीने शिवलेला शर्ट आणि घरचा खाकी असं सगळं एकत्र दिसेल. घाबरू नका, यातूनच वाट काढायचीय.

पहिलं काम, नियम स्वतः वाचा. दुकानदाराला विचारून ठरवू नका आणि शेजारच्या शाळेचं बघूनपण ठरवू नका, तिथं काय चालतं ते तिथं. संघटनेची एपीआरओ नावाची नियमावली आहे, भाग 2 स्काऊट विभागाचा आणि भाग 3 गाईड विभागाचा, गणवेशाचं सगळं त्यात दिलेलं असतं. जिल्हा कार्यालयात जा, जिल्हा संघटकांना भेटा, चालू वर्षाची प्रत मागा आणि गणवेशाच्या पानांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग शिंपी म्हणाला "सर असं नसतंय ओ, मी वीस वर्षं शिवतोय" तरी तुमच्याकडे कागद असतो. सरकारी शाळा असेल तर गणवेशाचा चालू शासन निर्णय मुख्याध्यापकांकडून मागून तोही वाचा, कारण समितीच्या मीटिंगला कोणीतरी जुनाच निर्णय धरून बोलणार हे नक्की.

त्यानंतर मोजणी. एक वही घ्या, प्रत्येक मुलाचं नाव, खाली रकाने: शर्ट, पँट, टोपी, स्कार्फ, वॉगल (स्कार्फची दोन टोकं गळ्याशी धरून ठेवणारं कडं), बेल्ट, मोजे, बूट. असेल तर बरोबरची खूण, आहे पण बसत नाही तर गोल, नाही तर रिकामं. ही मोजणी सगळ्या वर्गासमोर करू नका. एका एका संघाला, म्हणजे सहा ते आठ पोरांना, बाजूला बोलवून करा आणि संघनायकालाच लिहायला लावा. बत्तीस पोरांसमोर "माझ्याकडे काहीच नाही सर" म्हणताना पोराची मान खाली जाते. मोजणी झाली की तुम्हाला कळेल, बहुतेकांचं निम्मं सामान आहेच, पूर्ण नवीन गणवेश लागणारी पोरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा कमी निघतात.

आता खरेदीला कुठून सुरुवात करायची. नवीन माणूस नेहमी शर्टापासून सुरुवात करतो, कारण तो मोठा दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की स्कार्फपासून सुरू करा. स्कार्फ सगळ्यात स्वस्त पडतो, माप लागत नाही, पोरगं वाढलं तरी तोच चालतो, आणि बत्तीस गळ्यात एकाच रंगाचा स्कार्फ आला की खाली शर्ट कुठलापण असू दे, ते पथक दिसतं. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हासुद्धा पोरांना पूर्ण ठरलेला गणवेश नव्हताच, पितळी बिल्ला आणि खांद्यावर संघाच्या रंगाची फीत, एवढ्यावर संघ ओळखू येत होते.

स्कार्फचा हिशोब नीट सांगतो, कारण इथेच कापड वाया जातं. स्कार्फ त्रिकोणी असतो, दोन बाजू 70 ते 80 सेंटीमीटर. आपण 80 धरू. एक चौकोन कापून तिरका दुभागला की दोन स्कार्फ, म्हणजे 32 पोरांना 16 चौकोन. कडा दुमडून शिवायच्या असतात म्हणून चौकोन 83 चा कापा, तिरकी बाजूपण दुमडायचीय हे विसरू नका. 36 इंच पन्ह्याच्या कापडातून रुंदीत एकच चौकोन निघतो, मग 16 गुणिले 83 म्हणजे सव्वातेरा मीटरच्या आसपास, तुम्ही सव्वाचौदा मीटर घ्या, उरलेल्यात तुमचा स्वतःचा स्कार्फ निघतो. कापड सुती घ्या, मऊ, फार जाड नको, चकचकीत सॅटिन तर अजिबात नको, ते वॉगलमधून सरकतं आणि पोरं दिवसभर गळा सावरत बसतात. आणि रंग ठरवायच्या आधी जिल्हा कार्यालयात विचारा, पथकाचा स्कार्फ तिथं नोंदवायचा असतो. गिलवेलचा स्कार्फ आणि गिलवेलचा वॉगल हा फक्त हिमालय वुड बॅज, म्हणजे मास्तरांचं वरचं ट्रेनिंग, झालेल्यांचा, दुकानात मिळाला आणि छान दिसला म्हणून नवीन मास्तरनी घालायचा नाही.

स्कार्फची घडी पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा आणि स्वतः टेबलावर करून दाखवा. त्रिकोण पसरायचा, लांब बाजू आपल्याकडे. 80 च्या स्कार्फला ही लांब बाजू साधारण 113 सेंटीमीटर भरते. त्या बाजूपासून टोकाकडे दोन-दोन बोटं रुंदीच्या घड्या घालत जायचं, गुंडाळायचं नाही, घड्या घालायच्या, प्रत्येक घडीवरून तळहात फिरवायचा. टोकाकडे वीतभर त्रिकोण शिल्लक राहिला की थांबायचं, तो पाठीवर येतो. दोन्ही टोकं पुढे समान घेऊन वॉगलमधून काढायची आणि वॉगल वर सरकवायचा, पण इतका नाही की गळा आवळेल. दोन पोरांनी मिळून एकमेकांची घडी घातली तर लवकर जमतं. वॉगल विकत घ्यायची गरज नाही, दोरीचा विणलेला वॉगल पोरं एका तासात शिकतात, तो त्यांचा स्वतःचा होतो आणि हरवतपण कमी.

मग शर्ट-पँट. इथं आपल्याला सोलापूरचा फायदा आहे आणि तो घ्यायलाच पाहिजे. आपलं गाव चादर-टॉवेलसाठी सगळ्यांना माहीत, पण शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदाही इथं मोठा आहे, बाहेरच्या राज्यातले व्यापारी इथून गणवेश घेऊन जातात. पूर्व भागात तर घरोघरी शिलाई मशीन, तुमच्या पथकातल्या दोन-चार पोरांच्या आया तरी कारखान्याचं पीसवर्क करत असतातच. त्यांना विचारा. पालकसभेत "कोणाच्या घरी मशीन आहे" एवढं विचारलं तरी हात वर होतात. काम फुकट मात्र करून घेऊ नका, शिलाई ठरवून रोख द्या, त्यांचा तो रोजगार आहे.

कापड घेताना सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण पथकाचं कापड एकाच ताक्यातून किंवा एकाच लॉटचं घ्या. स्टील ग्रे हा रंग फसवा आहे, एका गिरणीचा निळसर तर दुसऱ्याचा हिरवट, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे सारखे वाटतात आणि ग्राउंडवर उन्हात उभे केले की पट्टे पडल्यासारखे दिसतात. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत कापड बघायला जाल तेव्हा तुकडा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात येऊन बघा, कोणी काही म्हणत नाही. मिळाला तर मंजूर शर्टाचा एक तुकडा सोबत न्या. तुकडा घरी आणून एकदा पाण्यातून काढा, वाळवा, किती आटलं ते मोजा, रंग पाण्यात उतरतोय का ते बघा, मग ऑर्डर द्या. पॉलिस्टर जास्त असलेलं कापड टिकतं, इस्त्री धरतं, स्वस्तपण पडतं, पण आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतसुद्धा पोरं घामाने निथळतात, आणि ग्रे वर घामाचे डाग लगेच उठून दिसतात. थोडे पैसे जास्त गेले तरी सुताचं प्रमाण जास्त असलेलं कापड घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

मापं शाळेत घ्या, घरून चिठ्ठीवर मागवू नका. आणि शिवणाऱ्याला ठासून सांगा की माया सोडा, म्हणजे शिवणीत आत जादा कापड ठेवा. पाचवी-सहावीचं पोरगं एका वर्षात इतकं उंच होतं की जूनचा शर्ट पुढच्या जूनला बसत नाही. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया, पँटच्या खाली तीन इंच दुमड, कंबरेला मागे थोडी जास्त पट्टी. एवढं असलं की एक गणवेश दोन वर्षं निघतो. शर्टाला दोन पॅच पॉकेट पाहिजेत आणि खांद्यावर पट्ट्या पाहिजेत, रोजच्या शाळेच्या शर्टाला त्या नसतात म्हणून शिवणारा विसरतो. एक नमुना शर्ट आधी शिवून घ्या, पथकातल्या मधल्या अंगाच्या पोराला घालून हात वर करायला लावा, वाकायला लावा, सॅल्यूट करायला लावा. काखेत ओढतोय असं दिसलं तर तिथंच सुधारा, मग बाकीचे कापायला सांगा.

गाईडच्या बाबतीत थोडं वेगळं. वय आणि सोय बघून फ्रॉक, सलवार-कमीज असे पर्याय नियमात येतात, पण पूर्ण पथकाने एकच निवडलेला बरा. कॅप्टननी हा निर्णय एकटीने न घेता मुलींना विचारून घ्यावा. कॅम्पला तंबू ठोकायचा, मोळी उचलायची, धावायचं, तर कशात जमतं हे मुलीच नीट सांगतात. सातवी-आठवीच्या कितीतरी मुली फ्रॉक नको म्हणून गाईडच सोडतात, सलवार-कमीज म्हटलं की त्याच मुली परत येतात आणि घरचेही कॅम्पला पाठवायला तयार होतात. ब्रिटनमध्येसुद्धा 1967 ला स्काऊटचा गणवेश बदलला तेव्हा मोठ्या पोरांना हाफ पँट जाऊन फुल पँट आली. पोरांना जे घालायला अवघड वाटतं ते बदलायला लागतं, यात परंपरा मोडण्यासारखं काही नाही.

बॅजचं मात्र घाईघाईत करू नका. सदस्यता बॅज दीक्षाविधीला, म्हणजे पोरगं स्काऊटची प्रतिज्ञा घेतं त्या कार्यक्रमाला, द्यायचा असतो, त्याच्या आधी शर्टावर शिवून द्यायचा नाही. प्रवेशाचा अभ्यास पूर्ण करून पोरगं दीक्षा घेतं आणि मग तो बॅज लागतो, त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते दुकानातून आणलेल्या तयार शर्टाने येत नाही. स्काऊटला सदस्यता बॅज डाव्या खिशाच्या मधोमध, जागतिक स्काऊट बॅज उजव्या खिशाच्या मधोमध. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपानचे, म्हणजे अभ्यासाच्या टप्प्यांचे, बॅज डाव्या बाहीवर, आणि प्रावीण्य बॅज उजव्या बाहीवर. सोपानचा पुढचा बॅज मिळाला की आधीचा काढायचा, म्हणून तो मशीनने शिवू नका, हाताने बारीक टाके घाला, बॅजच्या कडेच्याच रंगाचा दोरा घेऊन. डिंकाने चिकटवलेले बॅज पहिल्या धुण्यात निघतात आणि शर्टावर कायमचा डाग ठेवतात. गाईडच्या बॅजच्या जागा नियमावलीच्या भाग 3 मधून बघून घ्या, स्काऊटच्या शर्टावरून उतरवून काढू नका. मी तर पुठ्ठ्यावर शर्टाचं चित्र काढून, बॅजच्या जागा सेंटीमीटरमध्ये लिहून पथकाच्या खोलीत लावायला सांगतो, पोरं स्वतःच घरी शिवतात, आणि सुई-दोरा येणं हेसुद्धा स्काऊटचंच काम आहे.

पैसे. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारकडून गणवेशाचे पैसे येतात, त्यात शर्ट-पँटचं भागतं. स्कार्फ, वॉगल, बेल्ट, टोपी, बॅज हे आपल्याला बघायला लागतं. नववी-दहावीचं तर सगळंच. खरी कमाई हा उपक्रम त्यासाठी वापरा. पोरांनी राख्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या करून विकाव्यात, आठवडी बाजारच्या दिवशी पालकांच्या मदतीने शेंगाचटणीची पाकिटं विकावीत, सोलापुरात शेंगाचटणीला कोण नाही म्हणणार. आलेले पैसे संघाच्या वहीत लिहून त्यातून बेल्ट आणि टोप्या घ्याव्यात. स्वतःच्या कमाईचा बेल्ट पोरगं सहसा हरवत नाही. देणगी घेतली तर ती पथकाच्या नावाने घ्या, अमुक पोराला अमुक साहेबांनी टोपी दिली असा फोटो काढू नका, त्या पोराला ते वर्षभर ऐकायला लागतं.

अदलाबदलीची पेटी ठेवा, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. दहावी झालेली पोरं जाताना शर्ट, बेल्ट, टोपी पेटीत टाकतात, नवी पोरं जूनमध्ये त्यातून घेतात. पेटीतले कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करूनच द्या. जुना बॅज उसवल्यावर त्या जागी कापड गडद राहतं, ते नव्या बॅजच्या खाली झाकलं जाईल असा शर्ट निवडा. आणि जुने खाकी शर्ट फेकू नका, खड्डे खणायला, तंबूच्या कामाला, स्वयंपाकाला कॅम्पमध्ये तेच घालायचे, म्हणजे नवा शर्ट वाचतो.

वेळापत्रक असं धरा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मोजणी आणि पालकसभा, 15 ऑगस्टला सगळ्यांच्या गळ्यात स्कार्फ, बाकी जे असेल ते. दिवाळीच्या आधी शर्ट-पँट शिवून घ्या, नंतर शिवणारे मोकळे नसतात. 7 नोव्हेंबरला संघटनेचा स्थापना दिन असतो, 1950 सालचा, त्याच्या आसपास शाळा सुरू असेल त्या दिवशी निम्मं पथक तरी पूर्ण गणवेशात उभं राहील असं बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, पोरं तिथं सेवेला उभी राहणार असतील तर गर्दीत ओळखू येण्यासाठी टोपी आणि स्कार्फ लागतातच, आणि 26 जानेवारीच्या संचलनापर्यंत बाकीचेही होतात. मधल्या काळात एखादं पोरगं अपुऱ्या गणवेशात आलं तर त्याला झेंड्याच्या ओळीतून काढू नका, मागच्या रांगेतही ढकलू नका, त्याला संघासोबतच उभं करा. पाहुणे काय म्हणतील ते मी बघतो, असं मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

आणि तुमचा स्वतःचा गणवेश? तो सगळ्यात आधी. पोरांना नवा गणवेश सांगायचा आणि आपण चेक्सचा शर्ट घालून शिट्टी वाजवायची हे चालत नाही. मास्तरांच्या बेसिक कोर्सला जाण्याआधी पूर्ण गणवेश शिवून घ्या, तिथं पहिल्याच सकाळी तपासणी असते. काही ज्येष्ठ सर जुन्याच गणवेशावर अडून बसतात, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी त्या खाकीत कॅम्प काढलेत, पोरं घडवलीत, त्यांना त्याची माया असणारच. त्यांना दीक्षाविधीला बोलवा, नव्या पोराच्या गळ्यात स्कार्फ त्यांच्या हातून घाला. बहुतेक वेळा पुढच्या कार्यक्रमाला तेच विचारतात, "ग्रे कापड कुठल्या दुकानातून घेतलं ओ?"

बेरेट टोपीचं एक राहिलं. नवीन टोपी डोक्यावर तव्यासारखी ताठ बसते. कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर घालून बॅज डाव्या डोळ्याच्या वर येईल असा बसवायचा, कापड उजवीकडे ओढून खाली दाबायचं आणि तशीच वाळू द्यायची. शीख मुलगा असेल तर त्याला टोपीऐवजी पगडी, हे नियमातच आहे. उन्हाळ्यात दुपारच्या मेहनतीच्या कामाला टोपी काढून ठेवायला परवानगी द्या, झेंड्याच्या वेळी परत घालायची. पाण्याची बाटली बेल्टला अडकवायची सवय लावा, मोजे रोज धुतलेले पाहिजेत हे तपासा, आणि सोमवारच्या तपासणीत बुटाच्या पॉलिशपेक्षा नखं आणि मोजे आधी बघा.